अंगणाचं सातवं वर्ष

सोमवारी, ६ सप्टेंबर २०२१ रोजी, सूर्य मावळता मावळता, दोह्याच्या अल हिलाल भागातल्या एका दुमजली व्हिलाच्या अंगणात चाचांनी ठिबकचा नळ बंद केला, फाटकाची कडी पकडीने उपटली आणि आजपासून वर्षभर ही बाग कुणाचीच नाही, असं जाहीर केलं. अंगणात तेव्हा जी बिऱ्हाडकरू मंडळी हजर होती त्या सगळ्यांनी हे ऐकलं. एकालाही कळलं नाही.

व्हिला नावालाच. आत भिंती घालून तिची सहा बिऱ्हाडं केलेली होती. तळमजल्यावर नाशिकच्या वहिनी, त्यांचे यजमान आणि मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या दोन मुली. वर सांगलीचे पाटील, क्रेन चालवणारे, आणि त्यांच्याच खोलीत आणखी तिघे; त्यांच्या शेजारी आम्ही. मागे, पूर्वी ड्रायव्हरसाठी बांधलेल्या खोलीत, चाचा. ते रायगड जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. दोह्याजवळच्या लुसैलमध्ये झाडं लावण्याचं कंत्राट घेतलेल्या एका कंपनीत ते पाण्याचे सुपरवायझर होते. वय अठ्ठावन्न. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला मालकाचा माणूसही चाचाच म्हणे.

जागा मालकाची होती, पण माती चाचांची होती. ते राहायला आले तेव्हा अंगणात वाळू आणि बोरीचं एक म्हातारं झाड, एवढंच होतं. सहा वर्षं त्यांनी पिकअपमधून मातीच्या गोणी आणि मेंढ्यांचं खत आणलं, चाळलं, मिसळलं, आणि चवीने तपासलं. हे चवीचं अक्षरशः खरं आहे. कुठल्याही नव्या जागी गेले की चाचा चिमूटभर माती जिभेवर ठेवत आणि खारटपणा सांगत. लुसैलच्या साइटवर प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी त्यांचा निकाल येई. दोन्ही कधी जुळत, कधी नाही. जुळले नाहीत तर चाचा म्हणत, "मशीन जेवून आली असंल."

सहाव्या हिवाळ्यात अळूची पानं सुपाएवढी झाली. कढीपत्ता छपराला लागला. वहिनींच्या अळूवड्या दोह्यातल्या अनेक डब्यांत फिरल्या.

मालकाची अट एकच होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. मालकाच्या प्रतिनिधीला इकडे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब सुदानी होता, उंच, शांत, आणि तिन्ही त्रिकाळ दमलेला. दर मार्चमध्ये तो पाहणीला येई. अंगणात सिमेंटच्या विटा बसवून गाड्या उभ्या करण्याची सोय करावी, असं त्याच्या डोक्यात होतं. मालकाने त्याला सांगितलं होतं, की कोणीतरी बाग करतंय तोवर बाग. करणारा नसला की विटा.

त्यामुळे त्या संध्याकाळी वहिनींनी विचारलं ते सरळच होतं.

"चाचा, नळ बिघडला का?"

"नाय. नळ बरा हाय. जमीन सुट्टीवर हाय."

"किती दिवस?"

"वरीसभर."

जिन्यावरून पाटील म्हणाले, "पगारी का बिनपगारी?"

"बिनपगारी. पण खाणं फुकट. तुझंसुद्धा. हात पोचंल ते खा."

खुलासा हप्त्याहप्त्याने मिळाला. चाचांच्या गावात त्यांच्या घराला भिंत लागून एका तेल्याचं घर होतं. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हे कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. त्या घरातला म्हातारा ओट्यावर बसून पोरांना पूर्वजांच्या देशातल्या गोष्टी सांगे. त्यातली एक सातव्या वर्षाची. सहा वर्षं पेरायचं, सातव्या वर्षी जमीन मोकळी सोडायची. नांगर नाही, पेरणी नाही, छाटणी नाही. झाडाला येईल ते कुणीही न्यावं, गरिबाने, परक्याने, गुरांनी, रानातल्या जनावरांनीसुद्धा. मालकाने कुंपण उघडं ठेवायचं आणि आपणही इतरांसारखंच ओंजळभर घ्यायचं. म्हाताऱ्याने स्वतः हे कधी पाळलं नव्हतं. नियम त्या देशातल्या जमिनीला होता, आणि इथे त्याच्याकडे जमीनच नव्हती. घाण्याला सातवं वर्ष नसतं, असं तो म्हणे.

म्हाताऱ्याचा मुलगा चाचांचा शाळासोबती. तो तरुणपणी त्या देशात गेला आणि शेती करू लागला. दोघं एकमेकांना फोनवर निरोप बोलून पाठवत, रायगडच्या मराठीत. चाचांचा बेत कळल्यावर त्याने पाठवलेला निरोप वहिनी आणि पाटील दोघांनीही ऐकला आहे.

"अरे येड्या, तू मुसलमान, ऱ्हातोस कतारला, नेम इथल्या जमिनीचा. तुला कोणी सांगितली ही उठाठेव?"

"तुझ्या बापानं," चाचांनी उत्तर पाठवलं.

मग मित्र म्हणाला, "मग नीट कर. मी तर या वर्षापुरती माझी जमीन कागदावर परक्याला इकलीय. इथं पुष्कळ जण तसंच करतात. धंदा चालू ऱ्हायला पायजे ना."

ही कागदी विक्री अलीकडच्या काळातली सवलत आहे आणि तिच्यावर त्यांच्यातच मतभेद आहेत. चाचांना ती सवलत कळली, पण झेपली नाही. ते दोन दिवस तणतणत होते. "मला इकली असतीस," त्यांनी मित्राला कळवलं, "तर मी तिला खरोखर झोपवली असती."

ज्या वर्षी चाचांनी बाग झोपवली, त्याच वर्षी अख्खा देश झाडं लावत होता. फुटबॉलचा विश्वचषक वर्षावर आला होता. चाचा दिवसभर लुसैलच्या रस्त्यांवर रोपांना पाणी सोडत, मजुरांना आणि रोपांना एकाच आवाजात यल्ला, म्हणजे चला चला, म्हणत. संध्याकाळी घरी येऊन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, अंगणात स्टुलावर बसत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चुकून तण उपटलं जाऊ नये म्हणून. बागेत बसायला पांढरा सदरा का, याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. इन्शाल्ला हा शब्दही ते हमखास होणाऱ्या गोष्टींसाठीच राखून ठेवत. उद्या सूर्य उगवेल, इन्शाल्ला. पगारवाढीसाठी "बघू".

नियम वाढत गेले तसे आम्हीही त्यांत मुरत गेलो. महिन्याभरात व्हिलातली सहाही बिऱ्हाडं दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या कायद्यावर जेवताना वाद घालू लागली. वाळलेलं पान आपण तोडलं तर ती छाटणी का? खरकटं पाणी फेकलं तर ते शिंपण का? मांजराने वाफा उकरला तर? मांजराला मुभा होती.

पाटलांनी एकदा आमटीत कढीपत्ता नाही म्हणून कुरकुर केली. फांदीवर हात पोचत नव्हता आणि छाटायला बंदी होती.

"चाचा, जमिनीला झोपवा, पण कढीपत्त्यानं काय घोडं मारलंय?"

"पाटला, यहुद्यांच्या एका गावाला शत्रूचा वेढा पडला होता. कोठारात दाणा नाय, कारण वर्ष सातवं. शेवटी उपाशीपोटी गाव सोडून बाहेर पडले. तुझी आमटी काय घेऊन बसलास?"

मंदूब भाडं न्यायला आला तेव्हा चाचांनी त्यालाही सोडलं नाही. रोमन लोकांनीसुद्धा सातव्या वर्षी यहुद्यांचा सारा माफ केला होता, तेव्हा मालकाने भाड्याचा विचार करावा, असं त्यांनी हिंदीत मांडलं. मंदूबने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ये रोमन कौन? कौन सा रूम में रहता है?"

पाण्याचा प्रश्न मात्र गंभीर होता. झाड मरू नये एवढं पाणी चालतं, असा मित्राचा निर्वाळा होता. भाजीला नाही. चाचा बोरीला, शेवग्याला आणि कढीपत्त्याला जीव राहील इतकं पाणी तांब्याने घालत. अळू पहिल्याच आठवड्यात आडवं झालं. मग एक दिवस वहिनींच्या लक्षात आलं की पाटलांच्या खिडकीखाली अळूची दोन रोपं उभी आहेत. वर पाटलांचा एसी होता आणि तो ठिबकत होता.

चाचांनी मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, "एसीचं पाणी आमच्या ग्रंथांत नाय रे बाबा." तेव्हा चाचांनी स्वतःच निकाल दिला. आपोआप पडतं ते पावसासारखं.

त्याच संध्याकाळी सहाही बिऱ्हाडांतले एसी सोळावर गेले. सप्टेंबरची दमट हवा होती. खिडक्याखिडक्यांतून धार लागली. वहिनींच्या मुली घरात शाळेचे स्वेटर घालून गृहपाठ करत होत्या. पाटलांनी गावाकडचं घोंगडं काढलं. त्यांच्या खोलीतल्या एकाला भर दोह्यात सर्दी झाली आणि कंपनीच्या डॉक्टरला तो कारण सांगू शकला नाही. वीज भाड्यात धरलेली होती. अळू उभं राहिलं.

उत्साहात पाटलांनी एसीला नळी जोडून तिचं तोंड वाफ्यात सोडलं. चाचांनी ती काढून हातात आणून दिली.

"नळी लावलीस की ते शिंपणं झालं."

"आन् सोळावर ठेवला ते?"

"तुला गरम होतं. तो तुझा प्रश्न."

नोव्हेंबरात थंडी आली, एसी बंद झाले आणि अळू कायमचं बसलं. वाफे पांढरे पडू लागले. वारा सुटला की धूळ उठे आणि सगळे एकमेकांकडे पाहत. मार्च दूर नव्हता. चाचा स्टुलावर बसून धुळीकडे पाहत. एकदाच वहिनींना म्हणाले, "सहा वरसं तिला एक दिवस सोडली नाय. आता मधीच उठवू?"

जानेवारीत अंगण उगवलं.

मेथी सरळ रेषेत उगवली. कोथिंबीर वहिनींच्या खिडकीखाली, बरोबर हात पोचेल तेवढ्या अर्धगोलात उगवली. अंगणाच्या मधोमध हरभरा उगवला, वरून मुठीने फेकल्यासारखा विखरून. एका कोपऱ्यात मूग होते. पंधरवडाभर पावसाळी हवा होती, एकदोनदा पाऊसही झाला, आणि सगळं तरारून आलं. प्रत्येकाने दुसऱ्यांना सांगितलं की आपोआप आलं असणार. नंतर स्वतंत्रपणे मिळालेल्या कबुल्यांनुसार, मेथी वहिनींची, कोथिंबीर त्यांच्या यजमानांची, हरभरा पाटलांचा आणि मूग पाटलांच्या सर्दीवाल्या सोबत्याचे. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. यजमानांनी तर वहिनींनाही नाही. पाटलांनी खिडकीतून फेक केली होती, कारण मातीला पाय लावला नाही तर ती पेरणी होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कुंपणालगतच्या मोहरीची जबाबदारी आजवर कुणीही घेतलेली नाही.

चाचांनी सगळं फिरून पाहिलं आणि मित्राला निरोप पाठवला. मित्राच्या उत्तराचा पहिला निम्मा भाग हसण्याचा होता. उरलेल्या भागात त्याने सांगितलं, की आपोआप उगवलेली भाजी मुळात खायला परवानगी होती. पण लोक गुपचूप पेरायचे आणि उगवलं की म्हणायचे, आपोआप आलं. म्हणून जुन्या पंडितांनी तसली भाजीच बंद केली. "तुझ्या शेजाऱ्यांसारख्या माणसांपायीच झाला तो नेम," तो म्हणाला. "त्यांना सलाम सांग."

चाचांनी सगळ्यांना अंगणात बोलावून हा निरोप ऐकवला. मग निकाल दिला.

"बघायला परवानगी हाय. खायला नाय."

दोह्यातली सर्वांत कोवळी मेथी दारात उभी असताना वहिनी सुपरमार्केटमधून जुडी आणत. पिशवी घेऊन वाफ्यापाशी येताना त्या मान दुसरीकडे वळवत. पाटील हरभऱ्याकडे पाहून म्हणाले, "ह्याला म्हणत्यात राखणदार उपाशी."

झाडाच्या फळाला मात्र बंदी नव्हती. फेब्रुवारीत बोरं पिकली. फाटक उघडंच होतं. शाळेतून येणारी पोरं आली, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारे आले, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर आला. इकडे बोरांना कनार म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात. एक म्हातारी कतारी बाईही येऊ लागली. काळा अबाया, काठी, आणि घडीची खुर्ची घेऊन मागून येणारी मोलकरीण. असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर ती बोरीखाली बसे. तिला सगळे आदराने हज्जा म्हणू लागले. ती कोण, हे कुणी विचारलं नाही. कुणाला अडवायचं नाही हाच नियम होता.

हज्जा बोरं खाऊन बिया मातीत टाकी. बी मातीत पडणं म्हणजे पेरणी, म्हणून चाचा तिच्याशेजारी पत्र्याचा डबा धरून उभे राहत. तिला ही हिंदुस्तानी अदब वाटली असावी. ती डब्यात नेम धरून बी टाकी आणि शुक्रन म्हणे. नेम चुकला तर चाचा वाकून बी उचलत. महिनाभर दोघांचं बोलणं एवढंच.

मार्च २०२२ मध्ये मंदूब पाहणीला आला. बरोबर विटांचा कंत्राटदार, हातात टेप. फाटकातून आत पाऊल टाकताच मंदूब थांबला. मेथी, कोथिंबीर, हरभरा. कुंपणाला पिवळी मोहरी. बिऱ्हाडकरू भिंतीला ओळीने उभे.

"माशाल्ला," मंदूब म्हणाला. "अच्छा गार्डन है, चाचा."

पाटलांनी श्वास सोडला. प्रकरण तिथेच संपलं असतं.

"ये गार्डन नहीं है," चाचा म्हणाले. पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी लावत ते पुढे आले. "मैंने कुछ नहीं किया. ये लोग छुपके बोया. मालिक को बराबर बोलना."

"तो ये मेथी किसका?"

"किसी का नहीं."

"जमीन मालिक का, मेथी किसी का नहीं?"

"सातवां साल है."

मंदूब दमलेला माणूस होता. त्याने एकदा मेथीकडे पाहिलं, एकदा चाचांकडे. करणारा नाही म्हणजे विटा, हे त्याला सांगितलेलं होतं, आणि करणारा समोर उभा राहून नाही म्हणत होता. त्याने कंत्राटदाराला खूण केली. टेप उघडली.

"चाचा, गप्प बसा हो," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "एक दिवस खोटं बोललात तर काय होणार आहे?"

"विटा लागतील त्या लागू दे. तिच्या नावावर खोटं नको."

कंत्राटदार अळूच्या रिकाम्या वाफ्यावरून टेप ओढत होता. चाचांचे हात त्या वेळी मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसावं. एकदा त्यांनी ते खिशात घातले, मग बाहेर काढले.

तेवढ्यात हज्जा आली. नेहमीच्या वेळी, मागे खुर्ची. टेप तिच्या वाटेत आडवी होती. मंदूबने तिला पाहिलं आणि तो पाहता पाहता ताठ झाला. ती मालकाची आई होती. याच घरात लग्न होऊन आली होती. मुलाने नवं घर बांधल्यावर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली होती. फाटकाला कडी होती त्या सहा वर्षांत ती आत आली नव्हती.

तिने काठीने टेप दाखवून काहीतरी विचारलं. मंदूब अरबीत खूप वेळ बोलला. त्यात चाचा हा शब्द अनेकदा आला. ऐकता ऐकता हज्जाने वाकून मेथीचा शेंडा खुडला आणि तोंडाकडे नेला.

"ला, ला, हज्जा," चाचा म्हणाले. नको, नको.

मंदूबने डोळे मिटले. हज्जाने हातातल्या शेंड्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि मंदूबला एक प्रश्न विचारला.

"हज्जा पूछती है, कनार भी मना है?"

"नहीं. पेड का चलेगा."

"खलास," हज्जा म्हणाली, म्हणजे झालं, आता पुरे. शेंडा तिने मोलकरणीच्या हातात दिला आणि ती बोरीखाली बसली. मंदूबने कंत्राटदाराला टेप गुंडाळायला सांगितलं. चाचा डबा आणायला आत गेले. त्यांना यायला नेहमीपेक्षा उशीर लागला.

रविवारी, २५ सप्टेंबर २०२२ रोजी सूर्यास्ताला सातवं वर्ष संपलं. चाचा नवी कडी, स्क्रूड्रायव्हर आणि अळूचे कंद घेऊन बाहेर आले. हज्जा बोरीखाली होती. मंदूबही होता, कारण हल्ली तोही तिच्याबरोबर यायचा. तिने काठी फाटकाच्या दिशेने उचलली आणि ला म्हणाली.

चाचांनी कायदा समजावला. वर्षभर बाग कुणाची नव्हती, पण वर्ष संपलं, आता ती परत त्यांची. मंदूबने भाषांतर केलं. उत्तर लांब नव्हतं.

"हज्जा बोलती है, जमीन उसका है. पहले भी उसका था. दरवाजा खुला रहेगा."

"और बाग?"

"बाग तुम करो. क्या लगाना, वो हज्जा बोलेगी."

चाचांनी हा निकाल मित्राला कळवला. मित्राचं उत्तर वहिनींनी ऐकलं आहे. "जमीन तुझी नव्हतीच," तो म्हणाला, "मग वरीसभर सुट्टी दिलीस ती कोणाची?" चाचांनी त्याला काय उत्तर पाठवलं, याची पक्की माहिती मिळालेली नाही.

त्या हिवाळ्यात, विश्वचषकाचे सामने सुरू असताना, हज्जाच्या सांगण्यावरून अळूच्या वाफ्यात जिरजिर पेरलं गेलं. ही तिखटसर पानांची भाजी इकडे जेवणाबरोबर कच्ची खातात. आम्ही आता दोह्यात नाही, पण वहिनींनी गेल्या हिवाळ्यात फोनवर दिलेल्या माहितीनुसार ते दर वर्षी त्याच वाफ्यात पेरलं जातं, पेरणी चाचाच करतात आणि पहिली जुडी हज्जाकडे जाते. चाचा जिरजिर खात नाहीत.